नाचाचे कपडे आणि ‘पारंपरिक’चे दहा गुण

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम उलटला की नाचाच्या कपड्यांविषयीची पत्रे आपल्या पत्रव्यवहारात दरवर्षी येतात, तशी ती यंदाही आली. शिवलेल्या नऊवारीने लावणीची रया घालवली, असे एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिले आहे. आणि भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलींनी मात्र हजारो वर्षांचा पोशाख जसाच्या तसा जपला आहे, त्यांचा कित्ता इतरांनी गिरवावा, असे एका भगिनींनी सुचवले आहे. दोघांची कळकळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु गेली एकतीस वर्षे मी पुण्यात नाचाचेच कपडे शिवते आहे आणि त्यापूर्वी काही वर्षे पायांत चाळ बांधून स्वतः नाचलेही आहे. त्यामुळे या दोन्ही पत्रांत आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार झाला आहे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

हजारो वर्षांचा म्हणून ज्याचे कौतुक झाले तो भरतनाट्यम् चा पोशाख, म्हणजे ब्लाउज, पायजमा, पुढचा चुण्यांचा पंखा, कमरेमागचा तुकडा आणि छातीवरून तिरका जाणारा पदर अशा पाच भागांत शिवलेला पोशाख, माझ्या आजीपेक्षाही वयाने लहान आहे. डिसेंबर १९३५ मध्ये मद्रासच्या अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरक महोत्सवात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आपले नृत्य सादर केले आणि पुढच्याच वर्षी त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था सुरू झाली. मंदिरांतील शिल्पे डोळ्यांसमोर ठेवून नृत्याचा शिवलेला पोशाख त्यांनी त्याच काळात घडवला आणि त्या कामात मादाम काझान नावाच्या एका इटालियन शिवणकारिणीचा हात होता. ज्याला आपण भारतीयत्वाची खूण समजतो त्या कपड्याच्या बेतण्यात इटालियन कात्री फिरली आहे, हे कळल्यावर माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी काहींचा चेहरा उतरतो. मला मात्र त्यात वावगे काही वाटत नाही. कात्री कोणाची आहे यापेक्षा बेत जमला की नाही, हे शिवणारी व्यक्ती आधी पाहते.

त्याआधीच्या नर्तकींची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत पायजम्यावर नेसलेली लांब साडी दिसते. तिच्या निऱ्यांचा झुपका समोर सोडलेला असतो, पदर कमरेभोवती आवळून घेतलेला असतो आणि वर बाह्यांची घट्ट चोळी असते. या नाचाशी मराठी माणसाचा संबंध प्रेक्षकापुरता नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. आज शिकवला जाणारा भरतनाट्यम् चा क्रम ज्या चार भावांनी बांधला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू तंजावरच्या भोसल्यांच्या, दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात होते. १८८० मध्ये तंजावरच्या राजघराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजे पुढच्या चिमणाबाई, सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्याला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नर्तकी आणि साथीदारही आले. त्या नर्तकी नेसलेल्या कापडात नाचत होत्या. भरतनाट्यम् च्या थोर नर्तकी बालसरस्वती यांनीही पुढे शिवलेल्या पंख्यापेक्षा नेसलेली साडीच पसंत केली. तेव्हा ‘जुने ते जपले’ हे वाक्य वापरायचे असेल तर ते त्यांच्याविषयी वापरावे. माझ्या दुकानातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पोशाखांविषयी ते खरे नाही.

मग शिवलेला पंखा वाईट का? मुळीच नाही. अरमंडीत, म्हणजे गुडघे दोन्ही बाजूंना उघडून अर्धे बसल्यावर, पंखा पूर्ण उलगडतो आणि उभे राहिल्यावर पुन्हा मिटतो. गुडघे किती उघडले आहेत हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्यामुळे कळते. विजेच्या दिव्यांत, मोठ्या नाट्यगृहात, दूर बसलेल्या लोकांसमोर नाचायचे झाल्यावर या पंख्याने नाचाला जे दिले ते नेसलेल्या निऱ्यांना देता आले नसते. शिवाय घरातली मुलगी नाचू लागली आणि तिला नेसवायला मागे कोणी जाणती बाई उरली नाही, तेव्हा नाडा बांधून पाच मिनिटांत अंगावर चढणारा पोशाख हवाच होता, असे माझे मत आहे.

या पंख्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी एका दहा वर्षांच्या मुलीचा पोशाख शिवला. कांजीवरमची जुनी साडी होती, काठ हातभर रुंद होता. काठाच्या मोहाने मी चुण्या रुंद घातल्या आणि त्यामुळे त्या संख्येने कमी बसल्या. मुलीच्या गुरू स्वतः पोशाख न्यायला आल्या. त्यांनी मुलीला दुकानातच अरमंडीत बसवले, तर पंखा काडी मोडलेल्या छत्रीसारखा अर्ध्यावर थांबला आणि मुलीचे गुडघे त्याने आत ओढले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली, मला त्या मुलीशेजारी अरमंडीत बसायला सांगितले आणि माझ्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचे माप माझ्याच वहीत लिहिले. रात्री मी पंखा उसवला, चुण्या बोटभर रुंदीच्या केल्या, मागच्या बाजूने प्रत्येक चुणी कच्च्या दोऱ्याने शेजारणीला टाचली आणि इस्त्री करून उशीखाली ठेवून झोपले. तेव्हापासून मी नाचाच्या कपड्याचे माप उभ्याने घेतच नाही. बसवून घेते, पाय टाकायला लावून घेते, हात वर करायला लावून घेते. नऊ-दहा वर्षांची मुलगी वर्षभरात उंचावते म्हणून प्रत्येक शिवणीत दोन बोटे माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, ठेवते, आणि ती माया सोडायला मुली पुन्हा येतात, तेव्हा त्यांचा नाच किती वाढला तेही कळते.

सर्वच नाचांत कपडा असा नाचाच्या मागून चालत आलेला नाही. मणिपूरमध्ये उलट घडले. महाराज भाग्यचंद्रांनी १७७९ मध्ये रासलीला सुरू केली तेव्हा तिच्यासाठी पोतलोई हा पोशाख ठरवून दिला गेला. त्यातला आरसे लावलेला घेर पिंपासारखा ताठ आणि गोल असतो. त्यात कंबर वळत नाही आणि पावले दिसत नाहीत. म्हणून त्या नाचाची सगळी शोभा हातांच्या मंद वळणांत आणि जमिनीवरून तरंगत गेल्यासारख्या चालीत आहे. मणिपुरी रासाचा तो घेर सोयीसाठी मऊ कापडात शिवून द्या, अशी मागणी माझ्याकडे एका संस्थेने केली होती. तसे केले असते तर मुलींच्या कमरा हलल्या असत्या आणि रास संपला असता. मी ते काम घेतले नाही. ओडिसीचे उदाहरण आणखी वेगळे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या नाचाची नव्याने मांडणी झाली आणि त्याबरोबरच कपडाही ठरत गेला. संबळपुरी किंवा बोमकाई साडीपासून शिवलेला पोशाख, कटकच्या कारागिरांचे तारकशीचे चांदीचे दागिने आणि शोला या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्यापासून कोरलेला मुकुट आज इतके पुरातन वाटतात की कोणी तारीख विचारतच नाही.

कथकमध्ये मोगल दरबाराच्या छायेतला अंगरखा आणि चुडीदार, आणि दुसरीकडे घागरा, चोळी व ओढणी, असे दोन्ही वेश शेजारी-शेजारी नांदतात. हल्ली साडीही आली आहे. शिवणारीपुढे कथकचा सगळा प्रश्न घेराचा असतो. चक्कर घेताना कापड नर्तकीच्या किंचित मागून फिरते. ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबली की घेर पुढे जातो, पायांना गुंडाळतो आणि मग परत उलगडतो. कापड फार हलके असले तर तो उडून तसाच राहतो आणि थांबणे दिसत नाही. कडेला जरीचा पट्टा फार जड लावला तर तो नर्तकीला अर्धे पाऊल पुढे ओढतो. चोवीस कळ्यांचा घागरा बेतताना कळीचा उभा धागा जरा तिरका गेला तरी घेर एका अंगाला लोंबतो आणि समेवर नेमका तोच भाग डोळ्यात भरतो. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून हे शहर कथक पाहते आहे. त्यामुळे येथील शिंप्यांना घेर म्हणजे काय हे उपजत कळत असेल असा कोणाचा समज असल्यास त्यांनी एकदा लग्नाचे घागरे शिवणाऱ्या दुकानातून कथकचा घागरा शिवून पाहावा. कुमुदिनी लाखियांनी अहमदाबादेत समूहरचना बांधताना जरीचा झगमगाट टाकून साधे, एका रंगसंगतीतले कपडे वापरले, त्यालाही तेव्हा नावे ठेवणारे होतेच. आज त्याच पद्धतीचे कपडे शिवून देण्याची मागणी माझ्याकडे ‘पारंपरिक कथक’ या नावाने येते.

परदेशांत हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या रंगमंचावर मारी कामार्गो या नर्तकीने घोट्याच्या वर जाईल इतका झगा आखूड केला, कारण उडी मारून हवेत पाय एकमेकांवर आपटण्याची तिची करामत लांब झग्याखाली कोणाला दिसतच नव्हती. तेव्हा गहजब झाला. १८३२ मध्ये मारी तालिओनी पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या तलम झग्यात चवड्यांवर उभी राहिली आणि नंतर तोच बॅलेचा ‘पारंपरिक’ वेश ठरला. पण त्या तलम कापडाची दुसरी बाजूही आहे आणि ती मला प्रत्येक संमेलनाच्या आधी आठवते. एमा लिव्री ही पॅरिस ऑपेराची तरुण नर्तकी. १८६२ च्या नोव्हेंबरात तालमीच्या वेळी गॅसच्या दिव्यावर तिचा झगा पेटला आणि आठ महिने यातना भोगून ती १८६३ मध्ये गेली. कापड पेट घेऊ नये म्हणून त्याच्यावर प्रक्रिया करण्याची पद्धत तेव्हा उपलब्ध होती. पण प्रक्रिया केलेले कापड ताठ आणि मळकट दिसते म्हणून तिने ते नाकारले होते.

आपल्याकडे समई, पणती किंवा आरतीचे ताट हातात घेऊन नाचणाऱ्या लहान मुलींच्या अंगावर आज काय असते? नायलॉनची जाळी आणि पॉलिएस्टरचे सॅटिन. हे कापड पेटले तर वितळते आणि कातडीला चिकटते. दीपनृत्य बसवायचे असेल तर सुती किंवा रेशमी कापड वापरा, ओढणी पाठीवर टाचून घ्या आणि दिवे विजेरीचे घ्या, असे मी प्रत्येक वेळी सांगते. खऱ्या ज्योतीशिवाय ‘फील’ येत नाही, असे उत्तर मला एकाहून अधिक वेळा मिळाले आहे. पेशवाई पगडीची कळी किती डावीकडे झुकली यावर पत्रे लिहिणाऱ्या वाचकांनी एखादे पत्र यावरही लिहावे.

आता लावणी. ज्येष्ठ वाचकांच्या पत्रातला राग मुख्यतः तिच्यासाठीच आहे आणि मलाही सर्वांत जास्त बोलायचे आहे ते तिच्याविषयीच. तमाशाच्या फडावर पूर्वी नाच्या पोऱ्या नाचत असे, म्हणजे बाईचे लुगडे पुरुषाच्या अंगावर असे. शाहीर पठ्ठे बापूरावांबरोबर नर्तकी पवळा उभी राहिली तेव्हा बाईने फडावर येणे हेच नवे होते. तेव्हा ‘मूळ लावणीचा वेश’ शोधत मागे गेले तर हाती काय लागेल हे आधी ठरवून घ्यावे. मला मूळ शोधण्यापेक्षा नऊवारीचे काम समजून घेणे जास्त उपयोगी वाटते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते कमरेला गाठ मारून, निऱ्या घालून, दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचला की प्रत्येक पाय स्वतंत्र होतो. शेतात वाकणारी, पाण्यात उतरणारी, उकिडवी बसून दळणारी बाई या कापडात वावरली. लावणीतली बैठक, पायांची ठेक्यातली आपट, मांडी घालून पुढे झुकणे आणि एका झटक्यात पुन्हा उभे राहणे हे सगळे त्या कासोट्याच्या जिवावर चालते. नेसलेले कापड हालचालीबरोबर सरकते, एकीकडे सैल होऊन दुसरीकडे जागा देते. जाणकार नर्तकीला आपली गाठ कुठे आहे आणि कासोटा किती ओढ खाईल हे न पाहता कळते. शिवलेले कापड सरकत नाही. सगळा फरक इथे आहे, आणि तो भरून काढता येतो.

भरून काढायचा तर पायजम्यासारखा भाग शिवताना आसन, म्हणजे बसताना ताणला जाणारा भाग, भरपूर ठेवावे लागते, दोन पाय जुळतात तिथे चौकोनी तुकडा घालावा लागतो आणि मागचा कासोटा शोभेची पट्टी म्हणून वरून चिकटवण्याऐवजी खरोखर आतून आणावा लागतो. असे शिवलेल्या नऊवारीत मुलगी मांडी घालून बसते, उठते, उडी मारते. तुळशीबागेपासून दादरपर्यंत टांगलेल्या तयार नऊवारीत, मग तिला पेशवाई म्हणा, मस्तानी म्हणा की राजलक्ष्मी, बहुधा यातले काही नसते. कमरेला इलॅस्टिक असते, ‘फ्री साइज’ची चिठ्ठी असते, कापड वाचवण्यासाठी आसन तोकडे असते आणि काठ मात्र खऱ्या पैठणीला लाजवेल असा असतो. लग्नाच्या पंगतीत उभे राहून फोटो काढायला ती ठीक आहे. नाच मात्र तिच्यात होत नाही. लावणीची रया जात असेल तर ती शिलाईने जात नाही, या तोकड्या आसनाने जाते.

याचा पुरावा मी स्वतःच्या नामुष्कीसह देते. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय नृत्यस्पर्धेत मला परीक्षक म्हणून बोलावले होते. गुणपत्रिकेत ताल, अभिनय, रचना यांबरोबर ‘पारंपरिक वेशभूषा – १० गुण’ असा एक रकाना होता. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी जांभळ्या नऊवारीत, खोपा, गजरा, नथ, कंबरपट्टा असा सगळा जामानिमा करून आली. ती विंगेतून दोन पावले पुढे आली तेवढ्यात मी त्या रकान्यात नऊ गुण लिहून मोकळी झाले. दुसऱ्या कडव्याला ती ठसक्यात खाली बसली आणि मला, शिवणकाम करणारीलाच ऐकू यावा असा, शिवण उसवल्याचा आवाज आला. मुलीच्या चेहऱ्यावर क्षणभर काही तरी हलले. मग ती उठलीच नाही. उरलेली सगळी लावणी तिने बसून, डोळ्यांनी, मानेने, हाताच्या बोटांनी आणि पदराच्या टोकाने केली. पडदा पडेपर्यंत ती पाठ प्रेक्षकांकडे न करता बसून राहिली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचे परीक्षक मला म्हणाले, “बैठकीची लावणी इतक्या लहान वयात कोणी शिकवली असेल हो?” तिला दुसरा क्रमांक मिळाला. तो तिच्या अंगचा होता. परंतु जिने तिची उभी लावणी अर्ध्यावर मोडली त्या नऊवारीला मी दहापैकी नऊ गुण दिले होते, आणि ते खोडायला माझा हात धजला नाही.

आयोजक संस्थांना माझी पहिली विनंती त्या रकान्याविषयीच आहे. ‘पारंपरिक वेशभूषा’ हे शब्द काढून ‘नाचाला साजेसा पोशाख’ असे लिहावे आणि ते गुण नाच संपल्यावरच भरावेत, अशी परीक्षकांना सूचना द्यावी. ‘पारंपरिक’ या एका शब्दाने पालक भाड्याच्या दुकानाकडे धावतात आणि दुकानदार त्या शब्दाचे गाठोडे करून विकतो. कोळीनृत्याच्या संचात गुडघ्याच्या वर जाणारे इलॅस्टिकचे सॅटिन, खांद्यावर चमकीचा रुमाल आणि थर्माकोलचे वल्हे येते. कोळणीचे लुगडे गुडघ्यापाशी आवळून नेसण्यामागे ओल्या वाळूतून पाटी घेऊन चालण्याचे कारण आहे, आणि कोळ्याचा सुरका हा मुळात तिकोनी रुमालाचाच वेश आहे, हे त्या गाठोड्यात कुठे बसत नाही. गोव्याच्या फुगडीसाठी मागवलेले लाल चौकड्यांचे कुणबी कापडही बहुधा विणलेले नसते, छापलेले असते. तीन-चारशे रुपये भाड्यात याहून जास्त काय मिळणार, हा दुकानदाराचा प्रश्न रास्त आहे. त्यामुळे त्याला दोष देऊन मी थांबणार नाही. पण एका मुलीच्या घामाचा ब्लाउज त्याच संध्याकाळी दुसऱ्या शाळेतल्या मुलीच्या अंगावर चढतो, त्यावर मापासाठी सहा सेफ्टी पिना टोचल्या जातात आणि बिंदीचा गोंद पुसल्यावर कपाळावर आठवडाभर लाल पट्टा राहतो, याची तरी शाळांनी दखल घ्यावी. जानेवारीत नाच असेल तर कपडे निदान चार दिवस आधी आणावेत, आणि रंगीत तालीम खरोखरच त्या कपड्यांत, बसून-उठून करावी.

जाता जाता आणखी एका गोष्टीचा उल्लेख करते. उघड्या पाठीला आणि बाह्यांना जोडायला ‘स्किन कलर’ म्हणून जी जाळी बाजारात मिळते तिचा रंग गुलाबीसर असतो. आमच्या गल्लीतल्या एकाही मुलीची कातडी त्या रंगाची नाही, पण वर्षानुवर्षे आम्ही तीच जोडत आलो. बॅलेच्या बुटांचेही हेच होते. ते गुलाबीच मिळत आणि कृष्णवर्णीय नर्तक-नर्तकींना ते रंगवून आपल्या वर्णाचे करून घ्यावे लागत. २०१८ मध्ये लंडनच्या फ्रीड या बूट करणाऱ्या कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यसंस्थेबरोबर तपकिरी छटांचे बूट काढले. मी आता पांढरी जाळी आणून चहाच्या पाण्यात घरीच रंगवते. चहा जरा जास्त उकळला तर काही मुलींना अगदी बेमालूम जमते.

नव्या नाचांचे कपडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा नाच आला, तेव्हा ढगळ विजारी आणि टोप्या पाहून आमच्या सोसायटीत बरीच टिंगल झाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली १९७० च्या दशकातली मुले जमिनीवर पाठीने आणि डोक्याने फिरत. त्यांना न अडकता सरकणारे कापड हवे होते, ते नायलॉनच्या ट्रॅकसूटने दिले. डोके घासू नये म्हणून टोपी आली. अरमंडीसाठी पंखा आणि बैठकीसाठी कासोटा जसा आला तसाच तो ट्रॅकसूट आला. माझ्याकडे अशा मुलांची कामे येत नाहीत, कारण त्यांना कपडे शिवून लागतच नाहीत. गुडघ्यावर आतून ठिगळ लावून द्या म्हणून दोघे-तिघे आले होते एवढेच.

ज्येष्ठ वाचकांनी आपल्या पत्राच्या शेवटी मुलींना पुन्हा नेसायला शिकवण्याची सूचना केली आहे. तिला माझे पूर्ण अनुमोदन आहे आणि त्यासाठी शिलाईशी भांडण करण्याचे कारण नाही. दोन्ही यावे. शहरातील ज्या शाळांना आठवी-नववीच्या मुलींना नऊवारी नेसायला शिकवायची असेल त्यांच्यासाठी दिवाळीनंतरचे चार शनिवार मी विनामूल्य येईन. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे, तो इच्छुक शाळांना अवश्य द्यावा. लुगडी आणण्याची गरज नाही. माझ्याकडे सुती इरकली आणि जुनी नारायणपेठी मिळून बावीस आहेत, ती सगळी धुतलेली आहेत आणि कोणाच्याही पायाखाली आली तरी चालतील. मुलींनी आतून घट्ट अर्धी चड्डी घालून यावे आणि शाळेने एक मोठी खोली, दोन आरसे आणि खोलीबाहेर थांबायला तयार असलेले मुख्याध्यापक एवढे द्यावे.

आपली नम्र,
नृत्यवेश शिवणारी एक वाचक,
पुणे